स्टर्जिसच्या वाटेवर

जत्रेला जावयाचे ठरले म्हणजे लहानथोरांच्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहते ती जत्रेतील गर्दी, तेथील दुकाने, पाळणे आणि गलबला. वाटेचा विचार सहसा कोणी करीत नाही. पंढरीच्या वारकऱ्याची गोष्ट मात्र निराळी. त्याला वारीविषयी विचारा; विठ्ठलाच्या दर्शनाइतक्याच आस्थेने तो वाटेविषयी बोलू लागेल. पाणी कोठे मिळते, घाट कोठे लागतो, कोणत्या गावी दिंडी विसावते, हे सारे त्याला मुखोद्गत असते. अमेरिकेत मोटारसायकलस्वारांची एक प्रचंड जत्रा दर वर्षी ऑगस्ट महिन्याच्या आरंभी भरते. तिला देव नाही आणि पालखीही नाही. परंतु जो प्रथमच तिला निघाला आहे, त्यालाही वारकऱ्याप्रमाणे वाटेपासूनच विचार करावा लागतो. ही तयारी कशी करावयाची, ते या पाठात पाहू.

प्रथम अमेरिकेचा नकाशा समोर घ्या. उत्तरेकडे, देशाच्या जवळजवळ मध्यावर, साउथ डकोटा नावाचे राज्य दिसेल. त्याचा बहुतेक भाग गवताळ माळरानाचा आहे. पण पश्चिम टोकाला भूमी एकाएकी उंचावते आणि पाइन वृक्षांनी झाकलेले डोंगर उभे राहतात. दुरून ती झाडी काळीभोर दिसते, म्हणून इंग्रजीत या डोंगरांना ‘ब्लॅक हिल्स’, म्हणजे काळे डोंगर, असे नाव पडले. तेथील मूळ रहिवासी जे लाकोटा लोक, त्यांच्या भाषेतील ‘पाहा सापा’ या नावाचा अर्थही तोच आहे. या डोंगरांच्या ईशान्य पायथ्याशी स्टर्जिस हे गाव वसले आहे. त्याची वस्ती सुमारे ७,००० आहे.

या गावात क्लॅरेन्स होएल या गृहस्थांचे ‘इंडियन’ मोटारसायकलींचे दुकान होते. (या नावाचा आपल्या देशाशी काही संबंध नाही, हे येथेच सांगितलेले बरे.) त्यांनी मित्रांच्या साहाय्याने ‘जॅकपाइन जिप्सीज’ हा स्वारांचा संघ स्थापन केला आणि १९३८ च्या ऑगस्टमध्ये मातीच्या धावपट्टीवर एक शर्यत भरविली. शर्यतीत उतरले अवघे नऊ जण. १९४२ मध्ये महायुद्धामुळे पेट्रोलवर नियंत्रण आले आणि मेळा भरला नाही. पण पुढे तो वाढतच गेला. २०१५ साली मेळ्याची पंचाहत्तरी झाली, तेव्हा राज्याच्या परिवहन खात्याच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ७ लक्ष ३९ हजार लोक आले. त्या वेळी साऱ्या राज्याची लोकसंख्या नऊ लक्षांहून कमी होती! एवढी गर्दी दर वर्षी होत नाही हे खरे. तरीही दहा दिवसांत लक्षावधी वाहने त्या लहानशा गावाकडे वळतात.

आता समजा, शिकागो शहरातील एक तरुण प्रथमच या मेळ्यास निघाला आहे. त्याने वर्षभर आधीच हालचाल करावयास हवी. गावातील आणि आसपासच्या रॅपिड सिटी, डेडवुड, स्पिअरफिश या ठिकाणच्या खोल्या कित्येक महिने अगोदर भरून जातात, आणि त्यांचे दर एरवीच्या कितीतरी पट होतात. काही रहिवासी आपले राहते घर स्वारांना भाड्याने देऊन स्वतः परगावी जातात. बहुसंख्य लोक मात्र गावाबाहेरील मैदानांत तंबू ठोकून राहतात. जागा ठरली की मग अंतराचा प्रश्न येतो, आणि नवख्याची पहिली फसगत येथेच होते.

शिकागोपासून स्टर्जिस सुमारे १,५०० किलोमीटर आहे. तो तरुण कागद घेऊन बसतो. ताशी १०० किलोमीटर धरले, तर पंधरा तास. दीड दिवसात पोहोचलो! हे गणित वहीत बरोबर येते, रस्त्यावर येत नाही. मोटारीत बसलेल्या माणसास वारा लागत नाही. मोटारसायकलवरील माणसाच्या छातीवर तो तासन्‌तास आदळत असतो, कानांत त्याचा घोष चाललेला असतो, आणि डोक्यावर ऊन असते. शिवाय ज्या क्षणी त्याला डुलकी लागेल, त्या क्षणी यंत्रही आडवे होईल. म्हणून जाणते स्वार नवख्याला दिवसास चारशे-पाचशे किलोमीटरांहून अधिक मजल धरू देत नाहीत. तास-दीड तासाने थांबावे, पाय मोकळे करावे, आणि उजेड असतानाच मुक्काम गाठावा. असे केले की दीड दिवसाचा प्रवास साडेतीन दिवसांचा होतो. त्यात एक दिवस मोकळा ठेवावा. तो पावसासाठी, बिघाडासाठी किंवा निव्वळ झोपेसाठी उपयोगी पडतो. रजा तेवढी नसेल तर? काही जण मोटारसायकल मोटारीमागील गाड्यावर चढवून आणतात. जुने स्वार त्यांची थट्टा करतात. आम्हांला ती थट्टा उचित वाटत नाही. थकलेल्या स्वारापेक्षा गाड्यावर आलेला ताजातवाना स्वार केव्हाही बरा.

यंत्राची तपासणी निघण्याच्या आदल्या रात्री करू नये. ती महिनाभर आधी करावी, म्हणजे सुटा भाग मागवावा लागला तरी वेळ असतो. तेल, ब्रेक, दिवे यांची परीक्षा कोणीही करतो. टायरचे वय मात्र फारच थोडे पाहतात. टायर वरून नवा दिसला तरी आतील रबर काळाने कडक झालेले असते. हे वय टायरवरच कोरलेले असते. त्याच्या कडेला अक्षरांची व अंकांची एक ओळ असते. तिच्या शेवटचे चार अंक पाहावे. ते ‘२३१९’ असे असतील, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. तुमच्या घरी दुचाकी किंवा मोटार असेल तर आज संध्याकाळीच ही ओळ शोधून पाहा.

सामानाचा प्रश्न याहून अवघड. तंबू, अंथरूण, हत्यारे, कपडे, पाण्याची भांडी, पावसाळी अंगरखा यांचा ढीग घरात उभा राहतो आणि त्यातील प्रत्येक वस्तू आवश्यकच वाटते. परंतु ओझे वाढले की गाडी थांबावयास अधिक अंतर घेते, आणि वळणावर तिचे वागणे बदलते. जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याजवळ बांधाव्या, हलक्या वर व मागे. दोन्ही बाजूंचे वजन सारखे असावे. टायरमधील हवाही या वजनास अनुसरून भरावी. मग तो सारा संसार लादून जवळच्याच एखाद्या गावी एक रात्र तंबूत काढून परत यावे. कोणते बोचके निष्कारण नेले आणि कोणते घरी विसरले, हे त्या एका रात्रीत कळते. ते घरापासून ऐंशी किलोमीटरांवर कळणे आणि आठशे किलोमीटरांवर कळणे, यांत मोठा फरक आहे.

एक क्षुल्लक वस्तू मात्र अवश्य न्यावी. ती म्हणजे हाताच्या पंजाएवढा पत्र्याचा किंवा लाकडाचा सपाट तुकडा. मोटारसायकल उभी राहते ती एका बारीक पायावर. मैदानातील ओल्या मातीत तो पाय रुततो, आणि ऑगस्टच्या उन्हात डांबरही इतके मऊ होते की तो त्यातही बुडू लागतो. मग साडेतीनशे किलोंची गाडी हळूहळू कलते आणि शेजारच्या गाडीवर कोसळते. ती तिच्या शेजारणीवर. पायाखाली तो तुकडा ठेवला की ही आपत्ती टळते. अनुभवी माणसे हा तुकडा दोरीने बांधून ठेवतात, म्हणजे निघताना तो मागे राहत नाही.

वाटेत विस्कॉन्सिन राज्य ओलांडले की ला क्रॉस येथे मिसिसिपी नदी लागते. पुढे मिनेसोटाची शेते संपून साउथ डकोटाची माळराने सुरू होतात, आणि चेंबर्लेन गावाजवळ मिसुरी नदीचे रुंद पात्र दिसते. ही नदी ओलांडून काही अंतर गेल्यावर घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते, कारण राज्याच्या पश्चिम भागातील वेळ निराळी आहे. येथून पुढे सावली विरळ. उन्हात वारा घाम तत्काळ वाळवून टाकतो; त्यामुळे अंगातील पाणी कमी होत आहे, याची स्वारास जाणीवच होत नाही. डोके जड होते, बुद्धी मंदावते, आणि ब्रेक दाबावयाचा तो क्षणभर उशिरा दाबला जातो. तहान लागेपर्यंत वाट पाहू नये. प्रत्येक थांब्यावर पाणी प्यावे आणि पेट्रोलची टाकी अर्धी उरली की भरावी.

या तहानेची एक गोष्ट त्याच रस्त्यावर ऐकावयास मिळते. स्टर्जिसच्या अलीकडे सुमारे १३० किलोमीटरांवर वॉल नावाचे खेडे आहे. तेथे टेड हस्टेड आणि त्यांची पत्नी डॉरोथी यांनी १९३१ साली औषधांचे एक दुकान विकत घेतले. मंदीचे दिवस, गिऱ्हाईक दुर्मिळ. पाच वर्षे अशीच गेली. १९३६ च्या उन्हाळ्यात एके दुपारी रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींच्या आवाजाने डॉरोथीबाईंची झोप मोडली. या माणसांना एवढ्या उन्हात काय हवे असेल, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि उत्तरही तेथेच सुचले: थंडगार पाणी. रस्त्याच्या कडेने पाट्या लागल्या, ‘बर्फाचे पाणी फुकट’. लोक थांबू लागले. ते दुकान आज एक प्रचंड बाजार झाले आहे. बर्फाचे पाणी तेथे अद्याप फुकटच मिळते, आणि मेळ्याच्या दिवसांत दारासमोर मोटारसायकलींच्या रांगा लागतात. पाणपोईचे पुण्य आपल्याला परिचित आहे. पाणपोईने व्यापारही वाढतो, हे डॉरोथीबाईंनी दाखवून दिले.

उन्हासाठी अंगरखा काढून टाकावा असे नवख्याला वाटते. तो काढू नये. उघड्या त्वचेवर ऊन आणि वारा दोन्ही लागतात. आणि पडलाच तर डांबर त्वचेची गय करीत नाही. साउथ डकोटात अठरा वर्षांखालील स्वारावर शिरस्त्राणाची सक्ती आहे, मोठ्यांवर नाही. डोळ्यांना संरक्षण मात्र कायद्याने सर्वांनाच हवे. यामुळे पुष्कळ प्रौढ स्वार उघड्या डोक्याने फिरताना दिसतात. कायद्याने मोकळीक दिली, म्हणून डोक्याचे हाड काही अधिक कठीण होत नाही.

ऑगस्टमधील दुपारी या भागात वादळेही होतात. पश्चिमेकडे ढगांची भिंत उभी राहते, वारा उलटतो, आणि लिंबाएवढ्या गाराही पडू शकतात. अशा वेळी महामार्गावरील पुलाखाली थांबण्याचा मोह अनेकांना होतो. तेथे थांबणे धोक्याचे आहे. मागून येणाऱ्या मोटारीला पावसाच्या पडद्यातून थांबलेली माणसे दिसत नाहीत. सकाळीच आकाशाचा अंदाज ऐकून निघावे, आणि ढग दिसताच लगेच पुढील गावात आसरा घ्यावा.

एकट्याने जावे की मेळ्याने, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. मेळ्यात सोबत असते, पण शिस्त हवी. आपल्या दिंडीत चोपदार असतो, तसा येथे एक अग्रणी आणि अगदी मागे एक अनुभवी पिछाडीदार असतो. पाच ते सात जणांहून मोठा गट करू नये. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. सरळ रस्त्यावर अग्रणी आपल्या पट्ट्याच्या डाव्या भागात राहतो; दुसरा त्याच्यामागे एक सेकंदाच्या अंतराने उजव्या भागात, तिसरा पुन्हा डावीकडे. म्हणजे प्रत्येकाच्या थेट समोरचा स्वार दोन सेकंद पुढे असतो. समोरचा एखाद्या खांबापाशी पोहोचला की मोजावयास आरंभ करावा आणि आपण त्याच खांबापाशी किती वेळात येतो ते पाहावे. वळणे आली की ही रचना मोडून एकामागे एक व्हावे. नवख्याची जागा अग्रणीच्या लगोलग मागे. त्याला शेवटी टाकले तर पुढच्यांना गाठण्यासाठी तो आपल्या शक्तीपलीकडे वेग वाढवितो. पेट्रोल सर्वांनी एकाच वेळी भरावे. ज्याची टाकी सर्वांत लहान, त्याच्या हिशेबाने.

बहुतेक प्रत्येक वर्षी या मेळ्याच्या दिवसांत आसपासच्या रस्त्यांवर काही स्वार प्राणास मुकतात. त्यांतील अनेकांची कोणाशी टक्कर झालेली नसते. वळण त्यांच्या अंदाजाहून अरुंद निघते, वेग अधिक असतो, आणि गाडी रस्ता सोडते. ब्लॅक हिल्सचे रस्ते मोह घालणारे आहेत. ‘आयर्न माउंटन’ रस्ता सुमारे २७ किलोमीटर लांब आहे आणि त्यावर ३१४ वळणे मोजली जातात. सरासरीने नव्वद मीटरांच्या आतच एक वळण झाले! लाकडी पुलांवरून तो स्वतःभोवतीच फेर धरतो, आणि त्याच्या बोगद्यांच्या तोंडातून दूरवर माउंट रशमोरच्या कड्यावर कोरलेली चार राष्ट्राध्यक्षांची मुखे दिसतात. दुसरा ‘नीडल्स’ रस्ता. नीडल म्हणजे सुई. तेथे ग्रॅनाइटचे सुळके सुयांसारखे उभे आहेत. एका सुळक्याला आरपार छिद्र आहे. राजगडावरील नेढे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे नाव समजावून सांगावयास नको. त्याच नावाचा जवळचा बोगदा अवघा अडीच मीटरांच्या आतबाहेर रुंद आहे. अशा ठिकाणी गती वळणापूर्वी कमी करावी, वळणात नव्हे. आणि दृष्टी दरीकडे न ठेवता रस्ता जिकडे निघतो तिकडे ठेवावी, कारण स्वार जिकडे पाहतो तिकडेच गाडी ओढली जाते. हे रस्ते भल्या पहाटे, गर्दी जागी होण्यापूर्वी पाहावे.

कस्टर राज्य उद्यानात गव्यांसारखे दिसणारे प्रचंड बायसन मोकळे हिंडतात, आणि कळपच्या कळप रस्त्यावर येऊन उभे राहतात. हा प्राणी सुस्त दिसतो, पण ताशी पन्नास किलोमीटरांहून अधिक वेगाने धावू शकतो. दूर थांबावे, इंजिनाचा मोठा आवाज करू नये, आणि त्याच्या मर्जीने वाट मोकळी होऊ द्यावी.

आता गाव. मुख्य रस्त्यावर मेळ्याच्या दिवसांत मोटारसायकलींखेरीज दुसरे वाहन उभे करू देत नाहीत. दुतर्फा आणि मध्येही त्यांच्या रांगा लागतात, आणि माणसे त्यांमधून दिवसभर फिरत गाड्या न्याहाळतात. चित्रविचित्र वेष, वाद्यांचा गजर, विक्रेत्यांची पाले हे सारे तेथे आहे. त्याचे वर्णन करीत बसावयाचे कारण नाही. जत्रा सगळीकडे सारखीच. एक दिवस त्यासाठी पुरे होतो.

गावाच्या ईशान्येस दहाएक किलोमीटरांवर माळातून एक एकाकी डोंगर वर आलेला आहे. इंग्रजीत तो ‘बेअर ब्यूट’, लाकोटा भाषेत ‘मातो पाहा’, म्हणजे अस्वलाचा डोंगर. लाकोटा आणि शायेन लोक त्यास पवित्र मानतात. ते तेथे उपवास करतात, प्रार्थना करतात, आणि झाडांच्या फांद्यांना रंगीत कापडाच्या चिंध्या बांधतात. या चिंध्यांना हात लावू नये, त्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. १८६८ च्या तहान्वये ब्लॅक हिल्सचा प्रदेश या लोकांच्या ताब्यात राहावयाचा होता. १८७४ मध्ये तेथे सोने सापडले आणि १८७७ मध्ये तो त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाई देण्याचा निर्णय उचलून धरला; परंतु आम्हांला पैसे नकोत, डोंगर हवेत, असे सांगून त्या लोकांनी ती रक्कम घेतली नाही. मेळ्याच्या गोंगाटाने डोंगरावरील शांततेचा भंग होतो, अशी त्यांची तक्रार आहे, आणि २००६ साली त्यांनी त्यासाठी निदर्शनेही केली. पहिल्या फेरीच्या नकाशावर स्वाराने रस्ते रेखाटले, तसा हा डोंगरही दाखवावा. आणि त्याच्या बाजूने जाताना हात मुठीवरून सैल सोडावा.

परतीचा दिवस सर्वांत अधिक जपावयाचा. मन घरी पोहोचलेले असते आणि शरीर थकलेले असते. निघण्यापूर्वी टायर, तेल आणि बांधलेल्या दोऱ्या पुन्हा पाहाव्या. दहा दिवसांत त्या नकळत सैल झालेल्या असतात. येताना मिसुरी नदीच्या पलीकडे मिळालेला तो एक तास जाताना परत द्यावा लागतो. म्हणून पहिल्या परतीच्या मुक्कामाचे गाव, येताना जेवढे अंतर एका दिवसात कापले त्याहून शंभर किलोमीटर तरी अलीकडचे निवडावे.